खानावळीची पांढरी खिडकी

१

"तात्यांचा खरा फोटो तुमच्यापैकी कुणी ढापला?"

कालिंदीमावशींच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत मनवाच्या तोंडून प्रश्न बाहेर पडला. राजेशकाकांच्या हातातला बटाटेवडा बशी आणि तोंड यांच्या मधोमध थांबला. शैलाकाकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जणू काच पुसली की प्रश्नही पुसला जाईल. मनवाच्या मांडीवरचा फोन थरथरला. शाळेतल्या मैत्रिणीचा, दर्शनाचा मेसेज होता, "विचारलंस का??" आणि त्याखाली वर्गातल्या नीलचा, "कसली विचारतेय. टरकली असणार."

मनवाने टेबलाखालीच टाइप केलं, "विचारलं." 

झालं होतं ते असं. टपालपेटी छायाचित्र मंडळ नावाचं एक अजब मंडळ आहे आणि लालबागची मनवा घाडी ही त्यातली सगळ्यात नवी आणि सगळ्यात लहान मेंबर. बाकीचे सगळे पिकल्या केसांचे. मंडळाची एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत प्रत्येकाने स्वतः काढलेल्या फोटोचा एकेक प्रिंट. ही पेटी पोस्टाने फिरते. आपल्याकडे आली की आपला जुना प्रिंट काढायचा, नवा ठेवायचा, इतरांच्या प्रिंटवर बेधडक मत लिहून पाकिटात बंद करायचं आणि पेटी पुढच्याला पोस्टाने पाठवायची. लालबागहून दादरला माणूस गप्पा मारत चालत जातो, तरी पेटी जाणार पोस्टानेच. मंडळ काढणारे तात्या केळुसकर म्हणायचे, "पेटी हातात दिली की चहा होतो, आणि चहा झाला की टीका गोड होते." म्हणून समोरासमोर टीका बंद. फोनने प्रिंटचा फोटो काढणं बंद. पाकिटं फोडायची ती फेरी संपल्यावर, सगळ्यांच्या देखत, कालिंदीमावशींनी.

तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा एक प्रिंट मात्र पेटीत कायम असतो, जाड पुठ्ठ्यावर चार कोपऱ्यांत अडकवलेला. गिरणगावातली खानावळ, पंगतीला बसलेले गिरणी कामगार, आमटी वाढणारी बाई आणि उजवीकडे वर एक खिडकी. नव्या मेंबरने पहिलं मत त्याच्यावर लिहायचं, तेही न घाबरता, अशी रीत. मनवा कसली घाबरतेय! तिने लिहिलं होतं, "खिडकी पांढरीफटक आहे. बाईंच्या हातावरून नजर उडते ती थेट खिडकीत जाऊन पडते."

आज मावशींनी ते मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं आणि राजेशकाका खो खो हसले.

"अगं, पांढरी कुठेय? चांगली राखाडी खिडकी आहे की! तू न बघताच लिहिलंस, कबूल कर."

शैलाकाकूही पदर तोंडाला लावून हसल्या. जयवंतकाका तेवढे हसले नाहीत. मनवाने वाकून पाहिलं. फोटो तोच होता. तीच बाई, तीच पंगत. खिडकी मात्र विझलेली. तिने बघितली ती ही खिडकी नव्हती! चहाच्या वेळेत तिने हे मैत्रिणीला कळवलं, मैत्रिणीने आणि नीलने तिला चढवलं, आणि आता हा प्रश्न खोलीच्या मधोमध उभा होता.

जयवंत परुळेकर मंडळाचे अध्यक्ष. आवाज कधी चढवायचे नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मनवा, आरोप मोठा आहे. पुढच्या रविवारी माझ्याकडे जमू. तोवर एक तर सिद्ध कर, नाहीतर मत मागे घे. आणि मत मागे घेणाऱ्याकडे पेटी जात नाही. नियम तात्यांचाच आहे."

"आणि सिद्ध केलं तर?"

"तर," राजेशकाका म्हणाले, "आमच्यापैकी एक जण चोर ठरेल. मज्जाच!"

हसलं मात्र कुणीच नाही.

२

सगळे गेल्यावर मावशींनी दार लावलं. कालिंदी आजगावकर, मंत्रालयातून निवृत्त, लग्न न केलेल्या, जिभेला धार असलेल्या. मनवाला मंडळात त्यांनीच आणलं होतं. त्यांच्या मोरीलगतच्या अंधाऱ्या खोपच्यात, लाल दिव्याखाली, मनवा प्रिंट काढायला शिकली. पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आईचा चेहरा उमटताना तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती एवढ्या जोरात किंचाळली होती की शेजारचे पेडणेकर धावत आले होते.

"माझ्यावर विश्वास आहे ना, मावशी?"

मावशी उठल्या. त्यांनी तात्यांचा प्रिंट पुठ्ठ्यावरून अलगद सोडवला, खिडकीपाशी नेला, तिरका धरला, मागून पाहिला, नाकाशी नेला. मग खुर्चीत बसल्या.

"पुठ्ठा जुना आहे. कागद नवा आहे."

"बघा! मी म्हटलं ना!"

"हळू बोल. आणि हे बघ, खिडकी. एखादी जागा काळी करायची तर प्रिंट काढताना तेवढ्याच जागेवर उजेड जास्त वेळ पाडतात. निगेटिव्ह खरी असती तर खिडकीबाहेरचं काहीतरी उमटलं असतं. एखादी चिमणी, पत्रे, काहीही. इथे नुसतं शेणाने सारवल्यासारखं सपाट आहे. म्हणजे हा फोटोचा फोटो आहे."

"तात्यांची निगेटिव्ह?"

"पुरात गेली. पण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं पोस्टर करताना प्रिंटचा फोटो काढला होता, राजेशच्या स्टुडिओत. सगळेच होतो तिथे. ती निगेटिव्ह नंतर कुणी नेली ते देवाला माहीत."

मनवा टुणकन उठली. "मग आत्ताच ग्रुपवर टाकूया! कागद नवा आहे हे तुम्ही सांगितलंत की संपलंच."

"नाही सांगायचं."

"का?"

मावशींनी प्रिंट पालथा घातला. "कारण डार्करूम माझ्याकडे आहे. पेटीवर शेवटचा हात माझा. पाकिटं माझ्या ताब्यात. कागद नवा म्हटलं की सगळी बोटं कुणाकडे वळतील?" मग मनवाच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या, "तू मत मागे घे, बाळा. एका खिडकीपायी एवढं कशाला?"

मनवा पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. मावशींनी आजवर कुणालाही, कशापायीही, मत मागे घ्यायला सांगितलं नव्हतं. उलट 'जे आहे ते आहे' हे त्यांचं ब्रीद. प्रिंटसुद्धा त्या निगेटिव्हच्या काळ्या कडेसकट काढायच्या. कापायचं नाही, लपवायचं नाही. गेल्याच आठवड्यात मनवाने आईचा नवा प्रिंट काढताना हट्ट केला होता, "मावशी, वरचं पांढरं आभाळ जरा काळवंडूया ना." मावशींनी तिचा हात धरून बाजूला केला होता. "आभाळ पांढरं होतं ना? मग पांढरंच राहणार."

मग आज त्यांना काय झालं?

३

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. शैलाकाकूंनी पप्पांना फोन केला होता.

"लोकांना चोर म्हणतेस?" आनंदा घाडी लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक, अंगाने आडवे, रागावले की मालवणीत शिरायचे. "दहावीचा वर्ष हा, आणि ही बाय म्हाताऱ्यांच्या घरात जाऊन भांडता!"

"मी भांडले नाही, पप्पा. मी विचारलं."

आई, अंबिका, मसाला कुटून देणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिच्या ओढणीला सदा मिरचीचा वास. ती म्हणाली, "तू खरंच बघितलंस का गं? की वाटलं तुला?"

हे मात्र लागलं. पप्पांचं ओरडणं मनवा पावसासारखं अंगावरून जाऊ द्यायची. पण 'वाटलं तुला?' हे ती स्वतःलाच चार वेळा विचारून चुकली होती.

"रविवारपर्यंत बघतो," पप्पा म्हणाले. "खोटी पडलीस तर तो कॅमेरा कपाटात. पुरा वर्षभर."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात कोर्ट भरलं. दर्शनाने न्यायाधीशासारखं सगळं ऐकून घेतलं.

"एवढा फोन हातात असतो तुझ्या, एक फोटो काढला नाहीस?"

"नियम आहे, बाई!"

"नियम पाळणारी मूर्ख," नील म्हणाला. "आता काय, प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारणार, 'काका, तुम्ही चोर का?'"

"नाही. आईचा प्रिंट घेऊन जाणार. म्हणणार, नवीन काढलाय, बघा ना."

"पण ते तोंडावर टीका करत नाहीत ना?"

"करू देत की नको करू देत. घरात तरी घेतील! मला घरं बघायचीयत."

पेटी मनवानंतर राजेशकाकांकडे गेली होती, मग शैलाकाकूंकडे, मग जयवंतकाकांकडे आणि तिथून परत मावशींकडे. याच क्रमाने जायचं ठरलं. दर्शना म्हणाली, "एकटी जाऊ नको." मग क्लास असल्यामुळे एकटीलाच पाठवलं.

४

दादर स्टेशनच्या पश्चिमेला, साड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखा राजेशकाकांचा स्टुडिओ. आत एक माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी श्वास रोखून बसला होता.

"कान दिसू देत! हनुवटी खाली. हसू नका, सरकारला आवडत नाही." फ्लॅश उडाला. काकांनी मनवाला पाहिलं आणि हात जोडले. "या, फौजदारीणबाई! झडती घ्यायला आलात?"

"छे हो. नवा प्रिंट दाखवायला आले."

"तोंडावर बोलायचं नाही, माहितेय ना?" म्हणत त्यांनी प्रिंट घेतलाच. आई दुकानासमोर उभी, पुढ्यात लाल मिरच्यांची रास, वर ताडपत्री आणि ताडपत्रीपलीकडे उजव्या कोपऱ्यात कोरं पांढरं आभाळ. काकांनी तिच्या आईचे डोळे पाहिले. मग कान पाहिले! मग त्या पांढऱ्या आभाळावर बोट नाचवत म्हणाले, "नियम गेला खड्ड्यात, एवढं सांगतो. हे मागचं पांढरं झकास! दिवसभर मी कॉम्प्युटरवर दुसरं काय करतो? लोकांच्या मागचं पांढरं करतो."

मनवा हसली, पण तिचं लक्ष कोपऱ्याकडे होतं. तिथे चादरीखाली काहीतरी उंच उभं होतं. काका गिऱ्हाइकाला पाकीट देत होते तेवढ्यात तिने चादर उचलली. एन्लार्जर! निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र. शेजारच्या फळ्यांवर बोटभर धूळ, आणि यंत्र लखलखीत पुसलेलं.

"काका, तुम्ही तर म्हणाला होतात डार्करूम मोडली."

काकांचा हसरा चेहरा पहिल्यांदाच बंद झाला. चादर ओढून घेत ते म्हणाले, "मोडलीच. हे विकायला काढलंय. गिऱ्हाईक यायचंय म्हणून पुसलं."

"कोण गिऱ्हाईक?"

"तुला काय करायचंय?" मग जरा नरमून, "घरी बोलू नको गं. बायकोला वाटतं कधीच विकलंय."

खरं की बनाव? मनवाने बाहेर येऊन दर्शनाला मेसेज केला, "राजेशकाका ८० टक्के."

५

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत शैलाकाकूंचा मुलगा नोकरीला, म्हणून काकूही तिथे. दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून एक डोळा.

"पप्पांनी पाठवलं का माफी मागायला?"

"प्रिंट दाखवायचा होता, काकू."

साखळी निघाली. काकू प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ही तुझी आई ना? दमलेली दिसते गं. जेवली होती का तेव्हा?" एवढंच. आभाळ, ताडपत्री, मिरच्या यांपैकी त्यांना काही दिसलंच नव्हतं. माणूस दिसलं की त्यांचं बघणं संपत असे. त्या स्वतः प्रिंट काढत नसत, फोर्टातल्या एका लॅबमधून करून आणत.

"काकू, पेटी तुमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस होती ना?"

काकू एकदम ताठ झाल्या. "कोण म्हणालं?"

"पोस्टाचे शिक्के आहेत पेटीवर शिवलेल्या कापडावर."

काकूंनी आत पाहिलं, सून स्वयंपाकघरात होती. आवाज उतरला. "मी लेकीकडे गेले होते नाशिकला. पेटी शेजारच्यांकडे पडून होती. मंडळात कळलं तर जयवंत मला उभी जाळेल. आल्यावर घाईघाईत सगळं उरकलं."

"मग तात्यांचा प्रिंट तुमच्याकडे आला तेव्हा खिडकी कशी होती?"

"खरं सांगू? मी तो उघडलाच नाही. किती वर्षं बघतोय! देवघरातला फोटो आपण रोज बघतो का? नमस्कार करतो, झालं." मग त्या जराशा ओशाळल्या. "परवा तू बोललीस तेव्हा मीही आठवून बघितलं, खिडकी पांढरी होती की काळी. मला आठवेना. मग मी हसले."

मनवा वसाहतीचा उतार उतरताना थबकली. कुणालाच आठवत नव्हतं, कारण कुणीच बघत नव्हतं! चोराला हे पक्कं ठाऊक होतं. बदललेला फोटो त्याने या माणसांच्या नाकासमोर ठेवला आणि तो निर्धास्त होता.

फक्त एका नव्या पोरीने त्या खिडकीबद्दलच लिहून पाकिटात बंद केलेलं आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

६

जयवंतकाकांचं परळचं घर म्हणजे हॉस्पिटलसारखं. चप्पल बाहेर, हात धुऊन आत. मोरीच्या दारावर काळा पडदा, प्रिंट ते घरीच काढायचे. भिंतीवर त्यांचे बक्षीस मिळालेले प्रिंट एका ओळीत टांगलेले. सुंदर होते, यात शंका नाही. होडी, म्हातारा, कबुतरं. सगळ्यांच्या कडा काळोखात बुडालेल्या आणि मधे तेवढा उजेड. बघताना वाटायचं, आपण विहिरीत वाकून बघतोय.

"चहा विचारणार नाही," ते म्हणाले, "तात्यांचा नियम."

प्रिंट त्यांनी पेपरच्या कपट्यात धरून घेतला. बोट लागू दिलं नाही. "माझ्या हातून आजवर एकाही प्रिंटवर ठसा उमटलेला नाही," हे ते दर बैठकीत सांगायचे आणि ते खरंही होतं. त्यांनी आईचा फोटो टेबलावर ठेवला. खूप वेळ पाहिला.  मग खिशातलं चष्म्याचं घर काढलं, फोटोवर अधांतरी धरलं, जरा डावीकडे सरकवलं, मान तिरकी केली, आणि घर परत खिशात टाकलं.

"ठेव जपून. पेटीत येऊ दे, मग लिहीन."

"रविवारी मी खोटी पडले तर कशी येईल पेटीत?"

काका खिडकीकडे वळले. "तुझी नजर चांगली आहे, मनवा. पण नजर कधी फसवते. दोन ओळी लिहून दे, 'माझा गैरसमज झाला.' तुझ्याकडे येणारी पेटी बंद होणार नाही याची काळजी मी घेतो. अध्यक्ष आहे मी, नियमाला एकदा वळसा घालेन."

केवढं सोपं! कॅमेरा वाचला, पेटी वाचली, मावशीही वाचल्या. मनवाने पेनसुद्धा हातात घेतलं. 'माझा' एवढा शब्द लिहिलाही. मग थांबली.

"घरी जाऊन लिहिते," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

जिन्याच्या तळाशी तिला कळलं की आपण का थांबलो. हा माणूस प्रिंटला बोट लावत नाही तसा नियमालाही कधी वळसा घालत नाही. मग आजच कसा?

७

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी दर्शना आणि नील घरी आले. मनवाने आईचा प्रिंट पाट्यावर टेकवून ठेवला होता आणि त्याच्याभोवती ती वाघिणीसारख्या येरझाऱ्या घालत होती.

"मला सांग," नील म्हणाला, "ज्याने फोटो पळवला, त्याने खिडकी बदललीच कशाला? आहे तशी ठेवली असती तर तुलाही कळलं नसतं. एवढा शहाणा चोर आणि एवढी चूक?"

येरझाऱ्या थांबल्या.

"परत बोल."

"अगं, खिडकी बदलली कशाला..."

"माझी चिठ्ठी वाचून बदलली नाही, कारण पाकीट बंद होतं. म्हणजे त्याला स्वतःलाच ती खिडकी खुपत होती!" मनवाने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "तो खोटा प्रिंट काढत होता. कागदावर खिडकी पांढरी येणार हे दिसत होतं. आणि त्याला राहवलं नाही! हात आपोआप गेला. आयुष्यभर जे केलं तेच केलं त्याने!"

"कोणाने?" दर्शना ओरडली.

मनवाने आईच्या फोटोकडे बोट दाखवलं. उजवीकडे, वर, त्या कोऱ्या आभाळाकडे. मग उशीखालचं कंपासचं डबडं घेतलं आणि फोटोवर अधांतरी धरलं. जरा डावीकडे सरकवलं. मान तिरकी केली.

पाठीमागे कढईत फोडणी टाकणारी आई म्हणाली, "अगं बाई. आता कशी मी दिसायला लागले!"

८

रविवारी जयवंतकाकांच्या हॉलमध्ये पाच खुर्च्या. मनवाने आईचा प्रिंट आणि खानावळीचा प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मावशी तिच्याकडे बघत नव्हत्या.

"कागद नवा आहे," मनवाने सुरुवात केली. "मावशींनीच पाहिलाय."

"म्हणजे कालिंदी!" राजेशकाका उठलेच. "डार्करूम आहे तिच्याकडे!"

"बसा, काका. तुमचाही एन्लार्जर पुसलेला आहे." ते बसले. "मलाही मावशींचाच संशय आला होता. दोन रात्री झोप नव्हती. पण मावशी प्रिंटमधलं काहीच कधी काळवंडत नाहीत. हे आईच्या मागचं आभाळ बघा. मी रडले तरी त्यांनी पांढरंच ठेवलं. त्यांनी खोटा प्रिंट काढला असता तर खिडकी पांढरीच आली असती, आणि मी आज मूर्ख ठरलेच नसते."

मावशींनी पहिल्यांदा मान वर केली.

"राजेशकाकांना पांढरं आवडतं. मागचं पांढरं दिसलं की ते खूश. ते कशाला विझवतील? शैलाकाकू माणसं बघतात, कोपरे नाही. आणि त्या स्वतः प्रिंट काढतच नाहीत." तिने आईचा प्रिंट उचलला. "मी हा फोटो तिघांना दाखवला. नियमामुळे कुणी टीका करायची नव्हती, म्हणून मी नुसती बघत बसले. एकानेच हा पांढरा कोपरा झाकून पाहिला. चष्म्याच्या घराने. त्याच्या भिंतीवर बघा, एकाही फोटोला उजळ कोपरा नाही."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. होडी, म्हातारा, कबुतरं. विहिरी.

 "हा पुरावा नाही," राजेशकाका कुजबुजले. "चष्म्याचं घर काय कुणीही..."

"गप, राजेश," जयवंतकाका म्हणाले आणि आत गेले.

ते बाहेर आले तेव्हा हातात एक काच होती, टेबलावर ठेवतात तसली. काचेला तात्यांचा प्रिंट चिकटलेला. मधोमध सोलल्यासारखा, पंगतीतली माणसं फाटलेली, बाईचा चेहरा गेलेला. फक्त वरचा उजवा कोपरा अखंड. आणि त्या कोपऱ्यात खिडकी. पांढरीफटक.

"नीट बघता यावा म्हणून काचेखाली ठेवला होता," ते म्हणाले. "दमट हवेत चिकटला. ओढायला गेलो." त्यांनी काच टेबलावर ठेवली. "पोस्टरची निगेटिव्ह माझ्याकडे होती. वाटलं, कुणाला कळणार? कुणी बघतच नाही."

"चूक झाली तर सांगायचं होतंस," मावशी म्हणाल्या. "विझलेली खिडकी बघूनच मला वाटलं होतं, तू असशील. आणि तुला वाचवायला मी या पोरीला गप्प बसवत होते! थू माझ्यावर."

"ठसा उमटू न देणारा माणूस मी. मंडळाला काय तोंडाने सांगू?"

"आणि मला?" मनवा एकदम भडकली. डोळ्यांत पाणी आलं, तिने ते येऊ दिलं. "प्रिंटचं जाऊ दे. मी खरं बोलतेय हे तुम्हाला पक्कं माहीत होतं! सगळे हसत होते आणि तुम्ही मला म्हणालात, नजर फसवते. मी जवळजवळ लिहून दिलं होतं, काका. मी जवळजवळ मानलं होतं!"

जयवंतकाकांनी मान खाली घातली. "ते जास्त वाईट," ते म्हणाले. "प्रिंट फाटला त्याहून."

त्यांनी तिथेच अध्यक्षपद सोडलं. शैलाकाकू रडू लागल्या. राजेशकाकांनी त्यांना पाणी दिलं आणि उगाचच सगळ्यांसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. त्या घरातला मंडळाचा पहिला चहा. पेटी चालू ठेवायची, तात्यांचा प्रिंट चिकटलेली काचच पेटीसोबत ठेवायची की नाही, यावर वाद सुरू झाला. मनवा खाली मान घालून आईचा प्रिंट गुंडाळत होती. जयवंतकाका तिच्याजवळ आले.

"ते आभाळ," ते हळूच म्हणाले, "सगळं काळवंडू नकोस. थोडंच. ताडपत्रीच्या कडेपर्यंत. नाहीतर मिरच्यांवरचं ऊन खोटं वाटेल."

नियम मोडला होता त्यांनी. तोंडावर टीका. आणि ती बरोबर होती.

९

घरी पप्पा आणि आई वाट बघत होते. मनवाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून. चष्म्याचं घर आलं तेव्हा पप्पांनी टीव्ही बंद केला.

"म्हणजे माझी पोर खरी ठरली," ते म्हणाले, आणि मिशीत हसू लपवायचा प्रयत्न करून हरले. "कॅमेरा ऱ्हवांदे तुझ्याकडे. आणि त्या परुळेकराच्या दारात परत पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवतंय."

मनवाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तेच सांगायचंय. दर शनिवारी क्लास सुटला की मी परळला जाणार आहे. जयवंतकाकांकडे प्रिंट काढायला शिकणार. मी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले, मग मी परत विचारलं."

"त्या चोराकडे?" आई किंचाळलीच.

"हो, त्यांच्याकडेच."

"गो, त्याने तुला खोटं पाडलं!"

"पाडलं. मी अजून रागावलेय, आणि ते मी त्यांना दर शनिवारी सांगणार आहे," मनवा म्हणाली. "पण पप्पा, त्या आख्ख्या मंडळात ती खिडकी दिसलेली माणसं दोनच. एक मी आहे. मी जाणार."